दोन धक्क्यांवरची कालवं

आयडेला हार्मनने एकोणतीस वर्षं स्टेटन बेटावर सिटी बस चालवली. बाई उंच, खांदे रुंद, बोलणं मोजकं. लग्न केलं नाही. स्टेपलटनमध्ये एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर ती आणि तिचा थोरला भाऊ लूशियस अशी दोघं राहायची. लूशियसची बायको वारल्यावर तो केस कापायचं दुकान बंद करून बहिणीकडे आला, तो आलाच. तो म्हणायचा, "आमच्या आयडेलाच्या हातून कधी चूक होत नाही. तिच्याबरोबर राहणं म्हणूनच एवढं अवघड आहे."

बासष्टाव्या वर्षी ती निवृत्त झाली आणि त्याच वर्षी बंदरात कालवं, ती खडबडीत शिंपल्यात राहणारी, परत आणायचं काम सुरू झालं. तिचे आजोबा एझ्रा हार्मन बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सँडी ग्राउंडला राहायचे. तिथली काळ्या लोकांची सगळी वस्तीच कालवांवर जगायची. पुढे बंदराचं पाणी नासलं, कालवं खाऊन माणसं विषमज्वराने आजारी पडायला लागली, तेव्हा सरकारने कालवं काढायलाच बंदी घातली. आजोबांनी होडी विकली आणि उरलेलं आयुष्य लोकांच्या विहिरी खणण्यात घालवलं. आयडेला दहा वर्षांची असताना ते तिला समुद्रावर न्यायचे. दोन कालवं हातात घेऊन एकमेकांवर आपटायचे आणि म्हणायचे, "ऐक. जिवंत असलं तर दगडासारखं वाजतं, मेलेलं असलं तर रिकाम्या डब्यासारखं." आयडेलाला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं, पण आवाज कानात बसला होता.

त्यामुळे धक्क्यावर पिंजरे सांभाळायला माणसं हवीत अशी चिठ्ठी वाचनालयात लागली, तेव्हा पहिलं नाव तिचं होतं. काम सोपं, पण घाण. हॉटेलांतून गोळा केलेल्या जुन्या शिंपल्यांवर नखाएवढी कालवाची पिल्लं चिकटवलेली असायची. असे शिंपले चार जाळीदार पिशव्यांत, पिशव्या लोखंडी पिंजऱ्यात आणि पिंजरा दोराने धक्क्याखाली पाण्यात. महिन्यातून एकदा तो वर ओढायचा, गाळ-शेवाळ धुवायचं, पन्नास कालवं मापायची, मेलेली मोजायची आणि आकडे कोरिनला कळवायचे. कोरिन ही या कामावर नेमलेली पस्तिशीची जीवशास्त्रज्ञ, पायात कायम गमबूट. धक्क्यावरून जाणारा येणारा एकच प्रश्न विचारायचा, "खायची कधी?" आणि आयडेला म्हणायची, "तू नाही खायचीस, तुझी नातवंडं खातील. आधी त्यांना पाणी साफ करू दे."

पाच वर्षं स्टेपलटनच्या धक्क्यावर ती एकटी होती. फिलोमिनाला तिथे आणली तिनेच.

फिलोमिना स्कार्पाती तिच्या बसमध्ये एकोणीस वर्षं पुढच्या सीटवर बसत आलेली. बुटकी, गोल, सतत बोलणारी इटालियन बाई. शाळेत जेवण वाढायचं काम करायची. चालकाशी बोलू नये अशी पाटी डोक्यावर असताना ती चालकाशी इतकं बोलली की निवृत्तीच्या दिवशी आयडेलाला सहकाऱ्यांपेक्षा तिचीच जास्त आठवण आली. मग फिलोमिनाचा नवरा गेला. चार महिने ती घराबाहेर पडली नाही. आयडेला तिच्या दारात जाऊन म्हणाली, "ऊठ. भिंतींशी बोलण्यापेक्षा कालवांशी बोल."

फिलोमिनाने ते शब्दशः घेतलं. मैलभर पलीकडे टॉम्पकिन्सव्हिलचा धक्का रिकामा होता, तो तिला मिळाला. पिंजरा वर आला की ती एकेका कालवाला नाव घेऊन हाक मारायची. दिराचं नाव, भाचीचं नाव, आवडत नसलेल्या पाद्रीबाबांचं नाव. मापायला जाताना सॉसेज आणि ढोबळी मिरची भरलेले पाव करून न्यायची आणि जो कोणी दिसेल त्याच्या हातात एक द्यायची. फेरीबोटीवरचे खलाशी तिला लांबून हात करायचे. कोरिन स्टेपलटनला आली की वहीत आकडे उतरवून जायची. टॉम्पकिन्सव्हिलला मात्र तास-दीड तास रमायची, आणि तिचं हसणं पाण्यावरून ऐकू येतंय असं आयडेलाला उगाचच वाटायचं.

मग वर्तमानपत्राची एक बाई फोटो काढायला आली. तिने फोटो काढला फिलोमिनाचा. खाली छापलं होतं, 'कालवांची आई'.

लूशियसने तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरून मोठ्याने वाचला. आयडेला मासा तळत होती.

"आई म्हणे!" ती म्हणाली. "दोन वर्षं झाली नाहीत तिला."

"तुला आजी म्हणायला हवं होतं, नाही?" लूशियस म्हणाला. "एझ्रा हार्मनची नात, म्हणून?"

"मी काही म्हटलं का?"

"नाही ना. मासा मात्र जळतोय."

तोपर्यंत ते सगळं पोटातल्या पोटात होतं. कळ सुरू झाली पुढच्या वसंतात. कोरिनने दोघींना एकत्र बसवून सांगितलं, की बंदराच्या या काठाला कालवांचा मोठा बांध घालायचं ठरलंय. शिंपल्यांनी भरलेल्या दोनशे पोलादी टोपल्या पाण्यात सोडायच्या आणि त्यावर लाखो पिल्लं. जागा एकच मिळणार, स्टेपलटन किंवा टॉम्पकिन्सव्हिल. "या मोसमात ज्या पिंजऱ्यातली कालवं चांगली वाढतील, ती जागा. ऑक्टोबरात मी स्वतः येऊन मापणार."

फिलोमिना लगेच म्हणाली, "आयडेलाकडेच होऊ दे. तिच्या आजोबांचं आहे हे सगळं."

हे ऐकून आयडेलाच्या अंगाचा तिळपापड झाला. हक्काची वस्तू कोणी दान दिल्यासारखी पुढे केली की माणसाचं जे होतं, ते तिचं झालं.

जूनमध्ये तिची कालवं सरासरी अडतीस मिलिमीटर भरली. जुलैत एक्केचाळीस. आणि वाढण्यापेक्षा मरत जास्त होती. फिलोमिनाने फोन केला. "पंचावन्न! आयडेला, पंचावन्न! पाद्रीबाबा तर साठावर गेलेत. तुझी किती?"

"अजून मापली नाहीत," आयडेला म्हणाली. मापपट्टी तिच्या समोरच पडली होती.

तिने जुलैचे आकडे कोरिनला पाठवले नाहीत. ऑगस्टचेही नाही. डोळ्यांचं निमित्त सांगितलं. तिने दोर बदलून पाहिला, पिंजरा वर-खाली करून पाहिला, आठवड्यातून तीनदा गाळ धुतला. कालवं जिथल्या तिथे. रात्री अंथरुणात पडल्यावर तिच्या डोळ्यांपुढे फिलोमिनाचे गुबगुबीत हात यायचे. त्या हातांत असं काय आहे, जे एझ्रा हार्मनच्या नातीच्या हातांत नाही? जिच्या सात पिढ्यांत कोणी होडीत पाय ठेवला नाही, ती बडबड करते, पाव वाटते आणि तिची कालवं फुगतात. आयडेलाने आयुष्यभर कधी कोणाचं काही घेतलं नव्हतं. पण आपलं कोणीतरी घेतंय ही भावना तिला झोपू देईना.

ऑगस्टच्या शेवटी फिलोमिना कंबरेच्या शस्त्रक्रियेसाठी पेन्सिल्व्हेनियात मुलीकडे निघाली. सहा आठवडे लागणार होते. जायच्या आदल्या दिवशी ती काठी टेकत आयडेलाकडे आली आणि पिंजऱ्याच्या कुलपाची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"त्यांना सांग मी लवकर येते म्हणून. आणि भाचीकडे बघ, ती जरा अशक्त आहे."

"कालवाला काय सांगायचं, फिलोमिना?"

"बरं, नको सांगूस. नुसती उभी राहा. तू उभी राहिलीस तरी लोक सरळ होतात."

दोघी हसल्या. आयडेलासुद्धा मनापासून हसली. ती काही त्या दिवशी ठरवून बसली नव्हती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती टॉम्पकिन्सव्हिलला गेली. सकाळचे सहा वाजले होते, ओहोटी होती, धक्क्यावर कोणी नव्हतं. तिने पिंजरा ओढला. पहिलीच पिशवी उघडली तर तळहाताएवढी कालवं, कडा पांढऱ्याशुभ्र, नव्या वाढीने कागदासारख्या धारदार. तिने दोन हातात घेतली आणि एकमेकांवर आपटली. दगड.

तिने चारही पिशव्या काढल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि बाजाराच्या ढकलगाडीत घातल्या. स्टेपलटनला जाऊन स्वतःचा पिंजरा काढला, पिशव्या बदलल्या आणि आपल्या मरतुकड्या पिशव्या घेऊन परत निघाली. दुसऱ्या खेपेला पाय दुखायला लागले म्हणून ती बसमध्ये चढली. चालक तिनेच शिकवलेला पोरगेला माणूस होता.

"मिस हार्मन, तुमच्या गाडीतून पाणी गळतंय."

"मासे आहेत," ती म्हणाली.

"एवढे? लूशियसकाकांची पार्टी आहे काय?"

"तू समोर बघून चालव."

नंबर पिंजऱ्याला होता, आतल्या पिशव्यांना नव्हता. आठ वाजायच्या आत सगळं झालं होतं. घरी येऊन तिने हात तीनदा धुतले आणि नाश्त्याला बसली. भावाने विचारलं, "एवढ्या सकाळी कुठे?" ती म्हणाली, "फिलोमिनाची कालवं बघायला." ते खोटं नव्हतं.

ऑक्टोबरात कोरिन वही घेऊन आली. आधी स्टेपलटन. एकेक कालव मापत गेली आणि तिच्या भुवया वर चढत गेल्या. "त्रेसष्ट. मिस आयडेला, त्रेसष्ट सरासरी! तुम्ही मला घाबरवलंत. आकडे पाठवत नव्हता, मला वाटलं सगळी मेली."

"डोळे," आयडेला म्हणाली.

मग तिघी टॉम्पकिन्सव्हिलला गेल्या. फिलोमिना दोनच दिवसांपूर्वी परतली होती, वॉकर धरून. पिंजरा वर आला. तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

"चव्वेचाळीस," कोरिनने शेवटी सांगितलं.

"नाही," फिलोमिना म्हणाली. "ऑगस्टमध्ये एकसष्ट होती. मी लिहिलंय. हे बघ, माझ्या हाताने लिहिलंय."

कोरिनने तिची वही पाहिली. मग फिलोमिनाकडे पाहिलं. आवाज मऊ करून म्हणाली, "कालवं लहान होत नाहीत हो, मिसेस स्कार्पाती. मापपट्टी वाचताना गडबड झाली असेल. होतं असं. काही बिघडत नाही."

"पण पाद्रीबाबा कुठेत?" फिलोमिनाने पिशवीत हात घालून शोधलं. "त्यांच्या अंगावर एक शंख चिकटलेला होता. आयडेला, तू पाहिलेला ना? तू आली होतीस ना इथे?"

आयडेला म्हणाली, "मला नाही आठवत."

या एवढ्या तीन शब्दांचं ओझं किती होतं, ते तिला पुढे कळलं. त्या क्षणी मात्र तिला वाटलं, निभावलं.

हिवाळा तिचा छान गेला, हे कबूल केलं पाहिजे. जागा स्टेपलटनची ठरली. वर्तमानपत्राची तीच बाई पुन्हा आली, या वेळी आयडेलाकडे. एझ्रा हार्मनचा जुना फोटो छापून आला. चर्चमध्ये तिला उभं करून टाळ्या वाजवल्या. कोरिन आता स्टेपलटनच्या धक्क्यावर तास-तास थांबू लागली. आयडेलाला ते हवं होतं आणि ते तिला मिळालं होतं.

फिलोमिनाने धक्क्यावर जाणं सोडलं. कमरेचं कारण सांगितलं. तिचाही पिंजरा आयडेलाच बघेल, असं कोरिनने परस्पर ठरवून टाकलं. जानेवारीत आयडेला तिच्या घरी सूप घेऊन गेली, तर स्वयंपाकघरात जिकडेतिकडे कागद चिकटवलेले. 'गॅस बंद.' 'गोळी सकाळी, निळी.' 'डोनाचा फोन रविवारी.'

"हे काय?" आयडेलाने विचारलं.

"माझी आई अशीच गेली," फिलोमिना म्हणाली. तिचं बोलणं तुटक झालं होतं, तिचं वाटतच नव्हतं. "आधी आकडे गेले. दुकानात सुटे मोजता येईनात. मग नावं. शेवटी मला ती ताई म्हणायची. मी डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणतात ठीक आहे, पण ते आईलाही ठीकच म्हणाले होते. माझ्या डोनाला नको सांगूस हं, ती मला पेन्सिल्व्हेनियाला उचलून घेऊन जाईल."

आयडेलाने सूप गरम केलं, वाढलं, भांडी घासली आणि घरी आली. त्या रात्री लूशियसने विचारलं, "कशी आहे ती?" तर म्हणाली, "म्हातारी झालीय." आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

हिवाळाभर पिंजरे पाण्यातच ठेवतात. एप्रिलमध्ये बर्फ-पाऊस संपला आणि तिने ते काढले. आधी स्वतःचा. तो वर येताना जड लागला. वर आला तेव्हा पिशव्या दिसतच नव्हत्या, नुसता काळा मऊ चिखल. धक्क्याच्या डाव्या अंगाला पावसाचं पाणी सोडणारा जाडजूड नळ होता. रस्त्यांवरचा सगळा गाळ प्रत्येक पावसाबरोबर तिथे उतरत होता. एवढी वर्षं तो नळ तिच्या डोळ्यांसमोर होता. तिने चिखल धुतला. फिलोमिनाची ती तळहाताएवढी कालवं तोंडं वासून पडली होती. दोन उचलून आपटली. रिकामा डबा. आणखी दोन. डबा. शंख चिकटलेलं ते मोठं कालवही तिला सापडलं. आत चिखल भरला होता.

मग ती मैलभर चालत टॉम्पकिन्सव्हिलला गेली. तिथला पिंजरा हलका आला. तिची ती मरतुकडी, चव्वेचाळिसातली कालवं अंग धरून बसली होती, आणि कडेला पांढरी नवी वाढ फुटायला लागली होती.

ती धक्क्यावर ओल्या लाकडावर बसली. म्हणजे हातात काही नव्हतं. फिलोमिनाच्याही नाही आणि तिच्याही नाही. बडबडीत नव्हतं आणि रक्तातही नव्हतं. एकीकडे वाहतं पाणी होतं, दुसरीकडे नळ होता, बस. वर्षभर ती ज्याच्यासाठी जळली, ते तिथे नव्हतंच.

पण माणसाचं मन मोठं चिवट. तिने स्वतःची समजूत घातली, की टोपल्या उंच असतात, गाळ खालून जाईल. कोरिनला तिने सांगितलं, "हिवाळ्यात थोडी मेली." थोडी!

जूनमध्ये तराफा आला, त्यावर क्रेन. खुर्च्या मांडल्या, बँड बोलावला. आयडेलाला माइकसमोर उभं केलं. ती फक्त म्हणाली, "माझे आजोबा एझ्रा हार्मन," आणि पुढे शब्द सुचले नाहीत. लोकांना वाटलं गहिवरली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिली टोपली पाण्यात गेली. संध्याकाळपर्यंत साठ गेल्या.

गर्दीत मागे फिलोमिना होती. कार्यक्रम संपल्यावर ती काठी टेकत पुढे आली आणि तिने आयडेलाचे दोन्ही हात हातात घेतले.

"छान झालं गं. मला यायचंच होतं. पुढच्या महिन्यात मी जातेय ना. डोनाने घर विकायला काढलंय."

"का?"

"मीच सांगितलं तिला. मला अजून तिचं नाव आठवतंय तोवर जाते. नंतर ओझं होऊन जाण्यापेक्षा बरं."

आयडेला घरी आली ती जेवली नाही. पहाटे लूशियस उठला तर ती कपडे करून टेबलाशी बसलेली.

"काय झालं?"

तिने सांगितलं. सगळं. लूशियस थोरला असूनही तिला कधी रागावला नव्हता. तेव्हाही रागावला नाही. त्याने कॉफी ओतली आणि म्हणाला, "क्रेन किती वाजता सुरू होते?"

"सातला."

"मग बूट घाल."

तराफ्यावर चढताना तिचा पाय घसरला, एका कामगाराने तिला वर ओढून घेतलं. क्रेनने एकसष्टावी टोपली उचललीच होती.

"थांबवा," ती कोरिनला म्हणाली. "इथे नको. इथे सगळं मरेल. ऑक्टोबरात तुम्ही मापलीत ती माझी कालवं नव्हती. फिलोमिनाची होती. मी बदलली."

कोरिनला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. तिने हात वर करून क्रेन थांबवली. मग खिशातून वही काढली.

"तारीख सांगा."

"सप्टेंबरची बारा."

"चारही पिशव्या?"

"चारही."

कोरिनने लिहिलं आणि वही मिटली. "मी त्या बाईला म्हटलं, तुम्हाला मापपट्टी वाचता आली नाही," ती म्हणाली. "तुमच्यासमोर. आणि तुम्ही बघत होतात." आयडेलाला वाटत होतं तिने ओरडावं.

फिलोमिनाच्या घरी खोकी भरून ठेवलेली होती. आयडेला उभ्यानेच बोलली. फिलोमिना ऐकत राहिली. मध्ये एकदा तिने हात वर केला आणि म्हणाली, "थांब. परत सांग. पाद्रीबाबा तुझ्याकडे होते?"

"हो."

"म्हणजे एकसष्ट बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"मी बरोबर वाचलं होतं." ती हळूहळू खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. आयडेलाने एक पाऊल पुढे टाकलं, आणि ते हसणं तिथेच थांबलं.

"आठ महिने," फिलोमिना म्हणाली. "आठ महिने मी सकाळी उठल्यावर आधी मुलीचं नाव मोठ्याने म्हणून बघत होते. तू इथे बसून माझ्या भिंतीवरचे कागद वाचलेस. भांडी घासलीस. कशासाठी? कालवांसाठी? अगं, मागितली असतीस तर पिंजऱ्यासकट दिली असती!"

"माहितीये," आयडेला म्हणाली. "म्हणूनच मागता आली नाहीत."

"चालती हो."

ती चालती झाली. फिलोमिनाने घर विकलं नाही. पण पुढे सव्वा वर्ष ती आयडेलाशी एक शब्द बोलली नाही. बसथांब्यावर आयडेला दिसली की पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायची, त्या कमरेने.

साठ टोपल्या परत काढायला दोन आठवडे लागले. एकोणीस गाळात रुतल्या त्या रुतल्याच. बाकीच्या टॉम्पकिन्सव्हिलला नेल्या आणि बांध तिथे झाला. आयडेलाचा पिंजरा काढून घेतला. वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या, चर्चमध्ये लोक आधी सारखेच नमस्कार करायचे आणि मग पुढच्या बाकावर जाऊन बसायचे. तिने कोरिनला विचारलं, की असं एखादं काम आहे का, ज्यात काही मापायचं नसतं? कोरिनने तिला शिंपल्यांच्या ढिगावर पाठवलं.

हॉटेलांतून आलेले शिंपले तिथे वर्षभर उन्हात पडतात, त्यातली सगळी घाण जळून जाईपर्यंत. फावड्याने त्यांना खालवर करत राहावं लागतं. उन्हाळ्यात तो वास कपड्यांतून जात नाही. डोक्यावर समुद्रपक्षी, पायाखाली सडलेलं कालवाचं पाणी. ढिगावरच्या माणसांना तिची गोष्ट माहीत होती. "मिस हार्मन," एकजण रोज म्हणायचा, "फावडं आपापलंच वापरा हं, बदलाबदली नको." ती फावडं मारत राहायची. लूशियस तिचे बूट जिन्यात ठेवायला लावायचा.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात एका दुपारी ढिगाच्या खाली काठीचा आवाज आला. फिलोमिना नाकाला रुमाल लावून उभी होती.

"काय वास मारतेस गं!" ती म्हणाली.

आयडेलाने फावडं खाली ठेवलं.

"मला दोर ओढायला माणूस पाहिजे," फिलोमिना म्हणाली. "माझ्या कमरेला झेपत नाही. कोरिन कॉलेजची पोरं पाठवते, ती पिंजरा धक्क्यावर आपटतात. तुझे खांदे अजून चालतात का?"

"चालतात."

"मापायचं मी. लिहायचंही मी. किल्ली माझ्या गळ्यात राहील. तू फक्त ओढायचं आणि धरून ठेवायचं. आणि मी तुला माफबिफ केलेलं नाही, ते डोक्यात ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

टॉम्पकिन्सव्हिलच्या धक्क्यावर वारा होता. बांधाच्या वरच्या टोपल्या ओहोटीला पाण्याबाहेर दिसत होत्या, आणि त्यांच्या कडांना कोणी न लावलेली, आपोआप आलेली पिल्लं चिकटली होती. आयडेलाने दोर हाताला गुंडाळला आणि ओढला. पिंजरा वर आला. फिलोमिनाने चष्मा लावला, एक कालव उचललं, पुसलं, मापलं.

"त्र्याऐंशी!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की फेरीबोटीवरच्या कोणीतरी हात केला. तिनेही हात केला. बोटीवरून तिच्या नावाने शीळ आली.

आयडेलाच्या छातीत तीच जुनी कळ उठली, अगदी ओळखीची. सव्वा वर्ष फावडं मारूनही ती गेली नव्हती. पिंजऱ्याच्या वजनाने दोर तळहाताला कापत होता.

"फिलोमिना," ती म्हणाली, "मला तुझा हेवा वाटतो. अजून वाटतो."

फिलोमिनाने वहीत आकडा लिहिला. पुढचं कालव उचललं आणि अंगठ्याने त्याचा चिखल काढला.

"वाटू दे," ती म्हणाली. "दोर सोडू नकोस म्हणजे झालं. अठ्ठ्याहत्तर."